‘डायरेक्ट’ पंथाचा कारागीर

परभणी जिल्ह्यातील मोटारदुरुस्तीचा विचार करताना केवळ गॅरेजे, सुट्या भागांची दुकाने आणि कंपन्यांची सेवाकेंद्रे यांचीच गणना केली, तर एक महत्त्वाचा घटक निसटतो. तो म्हणजे बिघडलेल्या कोणत्याही विद्युत उपकरणाची मधली सारी यंत्रणा वगळून त्याला थेट बॅटरीची तार जोडणारा, अर्थात बोलीत ज्याला ‘डायरेक्ट करणे’ म्हणतात त्या विद्येचा उपासक. शेतीपंपांचे स्टार्टर, कूलरच्या मोटारी आणि मांडवातील दिव्यांच्या माळा यांवर हात बसवून तो चारचाकीकडे वळलेला असतो, आणि शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर असणे ही त्याची पहिली खूण होय.

त्याच्या कीर्तीचे मुख्य क्षेत्र म्हणजे रेडिएटरचा पंखा. इंजिनात तापलेले कूलंट, म्हणजे थंडावा देणारे द्रावण, रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून फिरते व त्याची उष्णता हवा वाहून नेते. जिंतूर रस्त्यावर गाडी वेगात असताना समोरचा वाराच हे काम करतो, त्यामुळे पंखा मेलेला असला तरी मालकाला पत्ता नसतो. परंतु मे महिन्यात, पारा 43 अंशांवर असताना, तीच गाडी रेल्वे फाटकापाशी थांबली आणि मनमाडकडची मालगाडी सावकाश डबे मोजायला लावू लागली, की वारा संपतो, तापमानाचा काटा वर सरकतो आणि बोनटमधून वाफ येते. फाटक उघडण्यापूर्वी तो तेथे पोहोचलेला असतो. कसा, याचा उलगडा होत नाही.

वास्तविक या बिघाडाच्या तपासणीचा एक क्रम आहे. कूलंट सुमारे 95 अंशांवर गेले की सेन्सर ती वार्ता देतो, मग रिले नावाचा छोटा विद्युतचलित खटका पंख्याचा मोठा प्रवाह चालू करतो, आणि त्या वाटेवर राखणदार म्हणून फ्यूज बसलेला असतो. बहुतेक गाड्यांत एसी लावताच पंखा फिरायला हवा. तो फिरला तर मोटर धडधाकट मानून संशय सेन्सरवर घ्यावा, न फिरला तर फ्यूज पाहावा, रिलेच्या जागी हॉर्नचा तसाच रिले लावून बघावा, आणि सर्वांत शेवटी मोटरला क्षणभर बॅटरीची थेट तार देऊन तिचे कार्बन झिजले आहेत काय हे ठरवावे. या पंथाचे वैशिष्ट्य असे की ही शेवटची चाचणी तेथे पहिली असते आणि तोच उपचारही असतो. पंखा गरगरला, की चौकशी संपली.

तार सोलण्यासाठी तो दातांचा उपयोग करतो, जोडाला पीळ देतो, वर चिकटपट्टी गुंडाळतो आणि डॅशबोर्डाखाली घरगुती विजेचे बटण बसवून म्हणतो, “काही होत नसतंय, मामा, काटा वर गेला की दाबायचं.” सेन्सरचे काम अशा रीतीने मामांकडे येते. पंखा 10 ते 15 अँपिअर प्रवाह ओढतो आणि बटण 6 अँपिअरचे असते, या विसंगतीकडे त्याचे लक्ष वेधल्यास तो फ्यूजऐवजी सिगारेटच्या पाकिटातील चांदी घालून दोन्ही प्रश्न एकदम सोडवतो. रेडिएटरचे झाकण मात्र तो ओल्या फडक्याने, मान फिरवून उघडू पाहतो. सुमारे एक किलो दाबाखाली पाण्याचा उत्कलनबिंदू 120 अंशांच्या आसपास जातो हे त्याने वाचलेले नसले, तरी मनगटावरील जुना डाग त्याला ते सांगत असतो. (गाडी थंड होईपर्यंत थांबणे हा पर्याय या पंथात निषिद्ध आहे.)

त्याला अडाणी ठरवणे अन्यायाचे होईल. सुटा भाग परभणीच्या दुकानात नसला आणि छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेडहून यायला दोन दिवस लागणार असले, तर सोनपेठच्या लग्नाला निघालेल्या वऱ्हाडाला अचूक निदानापेक्षा फिरणारा पंखाच हवा असतो, आणि तो त्याने पाऊण तासात, पन्नास रुपये व एका चहात दिलेला असतो. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही जिल्ह्याची म्हण इतक्या शब्दशः कोणी जगले नसेल. अडचण एवढीच, की दोन दिवसांची ही सोय पुढे पाच वर्षे टिकते, गाडी विकताना नव्या मालकाला बटणासह मिळते, आणि सेवाकेंद्रातील तंत्रज्ञ ती तार पाहून बराच वेळ काही बोलत नाही.

शेवटी एखाद्या रात्री मामा बटण बंद करायला विसरतात, पंखा पहाटेपर्यंत एकनिष्ठेने फिरतो आणि सकाळी गाडीला सेल्फ मारला की नुसती टिकटिक ऐकू येते. बोलावणे पुन्हा त्यालाच जाते. तो टेस्टर बाहेरही न काढता गाडीभोवती एक चक्कर मारतो, स्वतः स्टिअरिंगवर बसतो आणि मामांना मागून ढकलायला सांगतो.