इकोभाई

आमच्या वाडीत त्यांना इकोभाई म्हणतात. हे नाव पाडलं शेजारच्या काकीने, तेही नकळत. भाई पंचवीस वर्षं मुंबईत जाहिरातींचा धंदा करून गावी परतले आणि पहिल्याच दिवशी काकीच्या खळ्यात जाऊन म्हणाले, "काकी, इको रिसॉर्ट काढतोय." काकी एका कानाने अधू. "इकूक काडलंस? आजोबाचा घर इकूक काडलंस?" असं म्हणून तिने जो हंबरडा फोडला, त्याने अर्धी वाडी गोळा झाली. काकीने तसं फार चुकीचं ऐकलं नव्हतं, असं मला हल्ली वाटतं.

1997 साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, पण ही इकोभाईंची जमात काही एका जिल्ह्याची नव्हे. दापोलीपासून काणकोणापर्यंत कुठल्याही किनाऱ्यावर ती आढळते. अंगात मातकट लिननचा सदरा, पायात कोल्हापुरी, दारात डिझेलची दांडगी गाडी आणि तोंडात 'लोकल' हा शब्द. भाईंचं सगळंच लोकल. चिरा लोकल, मासळी लोकल, आचारीही लोकल. तो नेपाळचा आहे, पण तीन वर्षं इथेच राहतोय ना!

भाईंची खरी करामत मांगरात दिसते. आमच्या लहानपणी मांगरात गोवऱ्या, सुकलेली चुडतं आणि अधूनमधून एखादी धामण असायची. आता तो 'हेरिटेज मांगर' आहे, एका रात्रीचे 18,000. जमीन शेणाने सारवलेली आहे आणि ते शेण पाहुण्यांच्या पायाला लागू नये म्हणून त्यावर पॉलिश आहे. वीज गेली की आम्ही महावितरणच्या नावाने बोटं मोडायचो. भाई म्हणतात, "तारांकित रात्र." सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि फोडीचं लोणचं मिळतं, त्याचं नाव 'स्लो ब्रेकफास्ट'. आम्ही पेज भुरकून शाळेत पळायचो तेव्हा तिच्यात स्लो काही नव्हतं. उशीर झाला की हातावर छडी बसायची.

न्हाणीत एक पाटी आहे : 'टॉवेल पुन्हा वापरा, समुद्र वाचवा.' खोल्या झाडणाऱ्या बाईने मला ती वाचून दाखवायला सांगितली. ऐकून ती जरा विचारात पडली. मग म्हणाली, "आमच्या घराक पाच जणांत एकच पंचो. आमी केवढो समुद्र वाचवलो असतलो!"

पण भाईंना रंगात आलेलं बघायचं असेल तर भरतीरेषेचा विषय काढावा. किनारपट्टीचे नियम 1991 साली आले. भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंत निर्बंध आणि आमच्यासारख्या खेड्यात पहिल्या 200 मीटरांत नवं बांधकाम नाही. 2019 च्या नियमांनी दाट वस्तीच्या गावांसाठी हे 200 चे 50 केले. दाट म्हणजे चौरस किलोमीटरला 2161 माणसांहून जास्त. आमच्या गावात एवढी माणसं फक्त जत्रेला जमतात. भाईंचं म्हणणं, "मग जत्रेच्या दिवशी मोजा की!" दुसरा त्यांचा लाडका शब्द 'तात्पुरतं'. बांबूची खोपी तात्पुरती, लाकडी माची तात्पुरती. माचीखाली सिमेंटचा पाया दिसतो, तेव्हा भाई आकाशाकडे बघून म्हणतात, "अरे, आपण तरी कायमचे आहोत का?"

हसण्यासारखी नाही ती गोष्ट पोहण्याच्या तलावाची. समुद्र शंभर पावलांवर असताना तलाव कशाला, हे मला अजून कळलेलं नाही. कोकणात पाऊस धोधो पडतो, पण जांभा पाणी धरत नाही. एप्रिलात विहिरी तळाला जातात. किनाऱ्यालगत पंप लावून उपसा केला की गोड्या पाण्याची जागा खारं पाणी घेतं. गेल्या दोन उन्हाळ्यांत काकीच्या विहिरीचं पाणी मचूळ लागतंय. भाईंनी तिला पिण्याच्या पाण्याचा मोठा जार पाठवला. काचेचा, कारण प्लॅस्टिक त्यांना चालत नाही.

आणि तरीही हा माणूस लबाड आहे, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्यांना माड खरोखर आवडतात. बांधकामाच्या आड आलेले दोन माड त्यांनी तोडले नाहीत, एक तर सरळ जेवणघराच्या छपरातून वर गेलाय. (पावसाळ्यात तिथून पाणी गळतं. भाई त्याला 'वॉटर फीचर' म्हणतात.) वेळासला एका संस्थेच्या आणि गावकऱ्यांच्या मेहनतीने कासवांची अंडी राखली गेली, पाहुणे गावकऱ्यांच्या घरातच जेवू-झोपू लागले, हे सांगताना त्यांचा आवाज बदलतो. आपल्याही किनाऱ्यावर कासव यावं, ही त्यांची जुनी इच्छा. त्यासाठी त्यांनी कुंपणाच्या भिंतीवर कासवाचं मोठं चित्र काढून घेतलं आणि ते रात्रीही दिसावं म्हणून त्यावर बारा दिवे सोडले.

गेल्या जानेवारीत ऑलिव्ह रिडले कासवाची मादी आली. पहाटे जाळं ओढायला आलेल्या रापणकरांना माग दिसला, वाळूत ट्रॅक्टरचं चाक फिरावं तसा. लाटांतून वर आलेला, भिंतीच्या उजेडापर्यंत गेलेला आणि तिथून वळून पुन्हा पाण्यात उतरलेला. खड्डा नाही, अंडी नाहीत. उजेडाने कासवं बुजतात, हे रापणकरांना ठाऊक होतं. भाई धापा टाकत आले, मागाकडे बघत उभे राहिले. कोणी काही बोलेना. शेवटी एक म्हातारा रापणकर दोरी गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "भाडा इचारून परत गेली असतली."

सगळे हसले, भाई सोडून.

त्या संध्याकाळी मी गेलो तर भाई स्वतः शिडीवर चढून दिवे काढत होते. सात काढून झाले होते. शिडी मी धरली. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. पुण्याचं कुटुंब होतं, शनिवारी येऊ म्हणत होतं, कासव नक्की दिसेल ना विचारत होतं. भाई क्षणभर थांबले. एका हातात दिवा, दुसऱ्यात फोन.

"दिसणार म्हणजे काय," ते म्हणाले, "लोकलच आहे ती."