सातासमुद्रापार गेलं, अन् मंडळात जाऊन बसलं!

हिंगोली जिल्ह्यातल्या आमच्या नरसीच्या पारावर सध्या सोयाबीनच्या भावाच्या खालोखाल एकाच विषयाला भाव आहे. परदेशी गेलेली आपली पोरं तिथं जाऊन करतात तरी काय? जी खबर येते ती ऐकून कपाळावर हात मारून घ्यायची पाळी आलीय. पोरगं इंजिनिअर झालं, व्हिसा मिळाला. बापानं बँकेत कर्जाच्या कागदावर सही केली, आईनं येसर अन् शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. आणि तिकडं उतरल्यावर पहिल्याच शनिवारी हे कार्टं गेलं कुठं, तर महाराष्ट्र मंडळात! म्हणजे लाखाचं तिकीट काढून माणूस मराठी मुलुखातून बाहेर पडला, कशासाठी? तर मराठी माणसं शोधायला!

बरं, तिथं जाऊन गप बसावं की नाही? गावात सप्ताह असताना वीणा धरायची पाळी आली की हाच पोरगा पोटदुखी काढायचा. आता तो गळ्यात ताशा अडकवून पार्किंगच्या जागेत ढोल-ताशा पथकाची तालीम करतोय म्हणे. आवाजाची परवानगी काढून! आणि गणपतीचं तर विचारूच नका. चतुर्थी बुधवारी आली तर देवानं शनिवारपर्यंत वाट बघायची, कारण रजा मिळत नाही. चौदा विद्यांच्या अधिपतीलासुद्धा वीकएंड लागला!

त्याहून भारी म्हणजे पॉटलक. जेवायला बोलवायचं आणि वर सांगायचं, येताना भाजी तुम्ही आणा. आपल्याकडं कुणी असं करून बघावं, ठरलेली सोयरीक मोडेल. तिकडं मात्र एकीनं वांगं, दुसरीनं वरणफळं आणि तिसरीनं दुकानातले गुलाबजाम नेले की मैत्री झालीच म्हणून समजा.

हे खूळ आजचं आहे असंही नाही. लंडनमधलं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं. उत्तर अमेरिकेत गावोगावी मंडळं झाली, तेवढ्यानं भागेना म्हणून १९८१ मध्ये त्यांचं बृहन्महाराष्ट्र मंडळ निघालं आणि दर दोन वर्षांनी त्याचं अधिवेशन भरायला लागलं. २०२४ चं सॅन होजेला झालं. आणि २०२५ मध्ये तर कहरच झाला. पंढरपूरहून विठोबाच्या पादुका गाडीत घेऊन निघालेली दिंडी एकामागून एक देश ओलांडत लंडनला पोचली! आता बोला. नरसीला परतवारीच्या एकादशीला इकडून तिकडून लोटणारी गर्दी आम्हाला मोठी वाटत होती.

पण खरी गंमत मंडळात शिरल्यावर सुरू होते. पहिला प्रश्न येतो, "तुम्ही मूळचे कुठले?" समोरचा पुण्याचा असला तर पेठ सांगतो, कोल्हापूरचा असला तर तालीम सांगतो. आमचा पोरगा हिंगोली म्हणतो. समोरचे डोळे मिचकावतात. हिंगोली १ मे १९९९ ला परभणीतून फुटून वेगळा जिल्हा झाला, हे त्यांना ठाऊक असण्याचं कारणच नाही. मग हा बिचारा कोपऱ्यात सरकतो आणि हळूच म्हणतो, "नांदेडजवळ."

आणि इथंच ती भानगड घडली. कॅनडातल्या ब्रॅम्प्टनला गेलेल्या आपल्याकडच्या एका पोरानं हे 'नांदेडजवळ' चुकून शेजारच्या सरदारजीला सांगितलं. "हजूर साहिब!" म्हणून त्यानं हातच धरला. नांदेडचा तो गुरुद्वारा म्हणजे त्याचं तीर्थच! मग गाव कुठलं, तर नरसी. नरसी कुणाचं, तर नामदेवांचं. "भगत नामदेव जी?" झालं! त्या रविवारपासून पोरगं मंडळाच्या तालमीला दांडी मारून गुरुद्वाराच्या लंगरात डोक्याला रुमाल बांधून पोळ्या लाटतंय. बातमी गावात आली तेव्हा बाया पदर तोंडाला लावून कुजबुजल्या, "बाटलं की काय गं!"

बाटलं? अहो, मग आपले नामदेव महाराज कोण? नरसीत जन्मले, पंढरपुरात वाढले आणि ज्ञानेश्वरांच्या समाधीनंतर थेट पंजाबात गेले, असं परंपरा सांगते. गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानमध्ये त्यांनी वर्षानुवर्षं मुक्काम ठोकला. तिथं कुठलं मंडळ होतं? वर्गणी कुणाला भरली? शिंप्याच्या या पोरानं तिथल्या लोकांची बोली उचलली, त्यांच्यात बसून भजन केलं, त्यांच्यातलेच शिष्य केले. त्यांची ६१ पदं गुरु ग्रंथ साहिबात आहेत. म्हणजे ब्रॅम्प्टन असो की लंडनचं साउथहॉल, जिथं गुरुद्वारा तिथं नरसीचा माणूस आधीच जाऊन बसलेला आहे. एवढी ओळख आयती असताना आमची पोरं "नांदेडजवळ" म्हणून मान खाली घालतात. याला म्हणावं काय!

आपल्यालाही हे उशिराच सुचलं म्हणा. २०१५ च्या एप्रिलमध्ये ८८ वं मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं. सदानंद मोरे अध्यक्ष. तेव्हाही आधी नाकं मुरडून झालीच होती. पंजाबात मराठी पुस्तकं घेणार कोण, म्हणून प्रकाशकच रुसले. पण इकडून खास रेल्वेगाड्या भरून माणसं गेली आणि पंजाब्यांनी त्यांना पाहुण्यासारखं सांभाळलं.

आता मंडळाची फारच टिंगल झाली, तेव्हा न्यायाचंही बोलू. नव्या शहरात पहिल्या महिन्यात घर कुठं बघायचं, जुनी गादी कुणाकडं मिळेल, थंडीचा कोट कुठं स्वस्त, हे मंडळातलीच माणसं सांगतात. ढोल वाजवणाऱ्यांची मैत्री होते, कारण ते आठवड्याला भेटून घाम गाळतात. लंगरात कांदे चिरणाऱ्यांचीही त्याचमुळं होते. होत नाही ती फक्त त्याची, जो वर्षातून एकदा दिवाळीच्या कार्यक्रमाला तिकीट काढून येतो, जेवतो आणि "इथं कुणी आपलं नाही" म्हणत घरी जातो.

तेव्हा पोरांना निरोप देताना येसरासोबत एवढं सांगून ठेवा. मंडळात जा, वर्गणी भर, ताशा बडव. पण रविवारचा एक तास शेजाऱ्याच्या पंगतीला दे आणि नुसता जेवून उठू नको, हाताला काम माग. गाव विचारलं तर ताठ मानेनं सांग, नामदेवांची नरसी. नांदेड तिथून जवळ आहे.