शेवाळ पिकवा, ब्लेनी पोसा

खाऱ्या पाण्याची टाकी ठेवून घरी ब्लेनी पाळायचा असेल, तर सर्वात आधी मासा आणू नका. शंभर-सव्वाशे लिटरची टाकी आणा, पाणी भरा, दगड रचा, चिमूटभर मत्स्यखाद्य टाकून कुजू द्या आणि पुढचे चार-सहा आठवडे रिकाम्या पाण्याकडे कौतुकाने बघत बसा. या काळात कुजण्यातून सुटलेल्या अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं पुढे नायट्रेट करणारे जिवाणू दगडांवर वस्तीला येतात. ते दिसत नाहीत, त्यामुळे येणारा-जाणारा ‘मेले का हो सगळे?’ असं विचारील. गंभीर चेहऱ्याने ‘सायकलिंग चालू आहे’ म्हणा. लोक जास्त खोलात शिरत नाहीत.

मीठ स्वयंपाकघरातलं चालत नाही. मत्स्यालयाच्या मिठात कॅल्शियम, मॅग्नेशियम असतं. हे मीठ लिटरमागे साधारण 35 ग्रॅम, म्हणजे सव्वाशे लिटरला चार किलोंच्या वर. पाण्यासाठी घरच्या आरओवर विसंबू नका. चवीसाठी त्यात बरेचदा कच्चं पाणी मिसळलेलं असतं, आणि इथे मीठ घालण्याआधी पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, शून्याच्या आसपास लागतो. ‘जुहूहून चार कॅन भरून आणू की!’ म्हणणारा मेहुणा असतोच. त्याला चहा द्या, कॅन देऊ नका. वाफ होऊन पाणी घटलं की भर मात्र गोड्या पाण्याची; मीठ उडून जात नाही. दगड सिरॅमिकचे घ्या. किनाऱ्यावरून प्रवाळ उचलायचा मोह झाला, तर 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आठवा. प्रवाळ त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीला. तापमान 24 ते 27 अंश. मे महिन्यात चिलर माशाला, पंखा तुम्हाला.

एवढं झालं आणि टाकी मुरली की दुकानात जाऊन लॉनमोअर ब्लेनी मागा. रूपाची अपेक्षा ठेवू नका. मातकट अंग, त्यावर ठिपके, डोळ्यांवर झिपऱ्या, जाड ओठ आणि सतत कुणीतरी पैसे बुडवल्यासारखा चेहरा. याच्या पोटात पोहण्याची हवेची पिशवी नाही, त्यामुळे पोहणं थांबलं की तो खाली बसतो. दिवसाचा बराच वेळ दगडावर टेकूनच जातो. बिळात शेपटीकडून शिरतो आणि तोंड बाहेर ठेवतो. दोन डोळे दोन दिशांना फिरवून एकाच वेळी तुमच्यावर आणि जेवणावर लक्ष ठेवतो. मला विचाराल तर टाकीतल्या सगळ्या रंगीत मंडळींपेक्षा हा एकटा बघण्यासारखा.

आता मुख्य धडा. फणीसारख्या बारीक दातांनी हा शेवाळ खरवडून खातो. नवशिके नेमके इथे घात करतात: टाकी लख्ख ठेवतात आणि त्या लख्ख टाकीत ब्लेनी उपाशी मरतो. तेव्हा हजारो रुपयांची यंत्रं लावून झाल्यावर तुमचं काम एकच, शेवाळ वाढू देणं. म्हणून टाकी काही महिने मुरल्यावरच त्याला आणा. पुढची काच पाहुण्यांसाठी पुसा. मागची आणि बाजूच्या काचा त्याच्या. ‘हिरवं झालंय, घासा की’ असा आदेश घरातून येईल, तेव्हा ठाम राहा. काचेवर ओठांचे गोल ठसे उमटू लागले की समजा, स्वारी जेवते आहे. पोट खपाटीला गेलं तर सुकवलेल्या समुद्री शेवाळाची बिनमसाल्याची नोरी किंवा स्पिरुलिना द्या. नोरीचा भाव घरात सांगायची गरज नाही.

दुकानदार ‘सगळे ब्लेनी सारखेच’ म्हणाला तर काढता पाय घ्या. फँग ब्लेनीतल्या काहींचे सुळे विषारी असतात. एक जात तर सफाई करणाऱ्या रास माशाचं सोंग घेऊन जवळ जाते आणि गिऱ्हाइकाचा लचका तोडते.

झाकण जाळीचं आणि घट्ट हवं, कारण हा उडी मारतो. आणि त्याला एकटं वाटत असेल म्हणून दुसरा ब्लेनी आणू नका. त्याला एकटं वाटत नाही. आणलाच, तर दुसरी टाकी आधी मांडा. मेहुण्याला कळवू नका.