बिनपगारी कोतवाल

बुटीबोरीत आमच्या चौकातल्या पानठेल्यावर, खर्ऱ्याच्या पन्न्या टांगल्या असतात त्याच्या बाजूला, एक कागद चिकटवलेला आहे. 'नागरिकांनी घ्यावयाची दक्षता'. कधी लागला ते ठेलेवाल्यालाही आठवत नाही. एकूण बारा सूचना आहेत. त्यांतल्या सात, आठ आणि नऊ या पिचकाऱ्यांखाली गेल्यामुळे वाचता येत नाहीत. त्या तीन बाबतींत आमचं गाव नशिबावर चालतं.

असा कागद फक्त आमच्याकडेच लागतो असं नाही. उन्हाळ्याच्या सुट्ट्या आल्या किंवा दिवाळी आली की महाराष्ट्रातलं कुठलंही ठाणं तो काढतं आणि मजकूर जवळपास तोच असतो. बाहेरगावी जाताना शेजाऱ्यांना सांगा. ठाण्यात कळवा. दागिने लॉकरमध्ये ठेवा. दार-खिडक्या नीट लावा. कॅमेरा बसवा. अनोळखी माणूस दिसला की 112 फिरवा. किरायदाराची माहिती ठाण्यात द्या (कागदावर 'भाडेकरू' असं लिहिलंय, पण तो शब्द आमच्याकडे फक्त कागदावरच राहतो). मी घरामागे पाच खोल्या काढून किरायाने दिल्या आहेत. त्यामुळे हा कागद मला उद्देशूनच लिहिलाय अशी माझी समजूत आहे, आणि मी तो मनावर घेतला.

पहिल्याच सूचनेला अडलो. 'शेजाऱ्यांना सांगा' ही सूचना एक. 'बाहेरगावी जात असल्याची वाच्यता करू नका' ही सूचना चार. आता आमच्या शेजारच्या काकूंना सांगायचं आणि वाच्यता करायची नाही, या दोन गोष्टी एका दिवसात कशा जमवायच्या? काकूंना सकाळी दहाला सांगितलं तर दुपारच्या जेवणाआधी ते रेल्वे स्टेशनच्या पलीकडे पोचतं. तिकडून संध्याकाळी कुणीतरी मलाच विचारतो, "काय जी, हिंगणघाटले चालले म्हणे?"

पण काकू तरी आहेत. बाकी गावात शेजारी शोधून दाखवा राजेहो. नागपूरपासून तीस किलोमीटरवर, वर्धा रोडला लागून ही एवढी मोठी एमआयडीसी. इंडोरामाचा धागा इथे निघतो, सीएटचे टायर इथे होतात, आणि अर्धं गाव फर्स्ट, सेकंड, नाईट अशा तीन पाळ्यांत जगतं. माझ्या पाच खोल्यांत नऊ जण राहतात. ते नऊच्या नऊ एका वेळी जागे असल्याचं मी फक्त होळीला पाहिलंय. 'शेजाऱ्याने लक्ष ठेवावे' असं ज्याने लिहिलं त्याच्या डोळ्यांसमोर वाडा असणार, ओसरी असणार, ओसरीवर अडकित्ता घेऊन बसलेली आजी असणार. इथे शेजाऱ्याने लक्ष ठेवायचं तर त्याला आधी झोपेतून उठवावं लागतं. उठवलं की तो नाईट करून आलेला असतो, आणि मग तुमच्या घरापेक्षा तुमच्याच जिवाच्या सुरक्षेचा प्रश्न येतो.

रात्र म्हणजे काय, याबद्दल कायद्याच्या मनात मात्र काडीचा गोंधळ नाही. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम 331 उघडून बघा. चोरीसाठी दिवसा घर फोडलं तर 10 वर्षांपर्यंत शिक्षा आहे, रात्री फोडलं तर 14 वर्षांपर्यंत. म्हणजे सकाळी अकराला आलेल्या चोराला चार वर्षांची सूट मिळते, कारण त्या वेळी तुम्ही जागे असाल असं कायद्याने धरून ठेवलंय. सकाळी अकराला आमच्याकडे निम्मी दारं बाहेरून कुलूपबंद असतात. उरलेल्या दारांआड नाईटवाले पांघरूण घेऊन पडलेले असतात. बुटीबोरीची मध्यरात्र सकाळी अकराला असते. हे चोराला माहीत आहे, दूधवाल्याला माहीत आहे, पण संहितेपर्यंत अजून कुणी पोचवलेलं नाही.

त्याच संहितेचं कलम 330 मी दोनदा वाचलं. करमणूक म्हणून त्याला तोड नाही. घरफोडीचे सहा मार्ग त्यात क्रमवार दिले आहेत. भिंतीला भोक पाडून, भिंतीवर चढून, कुलूप उघडून, दारात उभ्या असलेल्या माणसाला लोटून वगैरे. नव्या चोराला याहून चांगलं क्रमिक पुस्तक मिळणार नाही. 1860 च्या दंडसंहितेतली उदाहरणंही जशीच्या तशी आली आहेत. हरवलेली किल्ली सापडली आणि तिने दार उघडून आत शिरला, तर ती घरफोडी. जहाजाच्या कडेच्या झरोक्यातून सरपटत आत शिरला, तर तीही घरफोडी. आमच्या वेणा नदीत मे महिन्यात म्हैस धड बुडत नाही, तरी जहाजाच्या बाबतीत आम्हाला पूर्ण संरक्षण आहे. कूलरचा मात्र त्यात उल्लेख नाही.

आणि कूलर हेच तर विदर्भाचं भगदाड. खिडकीचे गज कापून त्यात तो दोन माणसं मावतील एवढा पत्र्याचा डबा बसवायचा, वाळ्याच्या ताट्या लावायच्या आणि पाणी सोडायचं. त्याची घरघर सुरू झाली की शेजारच्या खोलीत लग्न लागलं तरी ऐकू येत नाही, मग कोयंडा तुटल्याचं काय येणार? 'खिडक्या-दारे बंद करून झोपावे' असं सूचना पाच म्हणते. पारा 45 च्या वर असताना खिडक्या-दारं बंद करून झोपणाऱ्या माणसाकडे सकाळी चोर नाही, डॉक्टर येतो. म्हणून लोक गादी उचलून छतावर जातात. खाली घर, वर घरमालक, आणि मधे कूलर चोरासाठी हवा थंड ठेवतो. छतावर झोपू नका असंही कुठे कुठे सांगतात म्हणे. आमच्या कागदावर ते असलंच तर सात ते नऊमध्ये असेल.

दागिन्यांचं बघू. सूचना तीन: लॉकर. मी बँकेत गेलो. लॉकरसाठी यादी होती. यादीत नाव लिहून घेताना मी नियमाचा कागद मागितला, ही माझी वाईट खोड. रिझर्व्ह बँकेचा 1 जानेवारी 2022 पासूनचा नियम असा: लॉकरमध्ये चोरी झाली, दरोडा पडला, आग लागली किंवा बँकेच्याच माणसाने हात मारला, तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या 100 पटीपर्यंत. भाडं 2000 रुपये असेल तर भरपाई जास्तीत जास्त 2 लाख. तोळा लाखाच्या वर गेला आहे. म्हणजे दोन तोळेसुद्धा पुरते भरून निघत नाहीत. आमच्या हिच्या आजीची एकदाणी, सासूचा गोफ, मुलीच्या लग्नासाठी जमवलेलं थोडंफार, हे सगळं आत ठेवायचं आणि बँकेने त्यातल्या दोन तोळ्यांच्याही आतली हमी घ्यायची. ही हे ऐकून म्हणाली, "त्यापेक्षा तांदळाच्या कोठीत बरं." घरोघरच्या तांदळाच्या कोठीत काय असतं हे चोराला ठाऊक आहे, असं मी म्हणालो. "मग तुरीच्या डाळीत ठेवते," ती म्हणाली. सुरक्षेचा आमच्या घरचा आराखडा सध्या तुरीच्या डाळीपर्यंत आला आहे.

ही एकदाणी यापूर्वी एकदा जाता जाता वाचली. तिच्यासोबत ठेवलेल्या पाटल्या गेल्या. तेव्हा मी नोकरीनिमित्त दुसऱ्या जिल्ह्यात होतो; ठाण्याचं नाव सांगत नाही. तक्रार लिहून घेणारा माणूस सभ्य होता. त्याने विचारलं, "पाटल्यांची पावती?" मी म्हणालो, पाटल्या आईच्या लग्नातल्या. "मग आईच्या लग्नातली पावती?" मी म्हणालो, तेव्हा सोनार पावतीऐवजी शब्द देत असे. त्याने 'पावती नाही' असं लिहिलं आणि शब्दाचा रकाना नसल्यामुळे तो सोडून दिला.

मग श्वानपथक आलं. या श्वानाबद्दल मला फार जिव्हाळा आहे. मराठी वर्तमानपत्रांत तो वर्षानुवर्षं एकच काम करतो: 'काही अंतरापर्यंत जाऊन तेथेच घुटमळतो'. आमचाही घुटमळला. त्यात त्याचा दोष नाही. चोर त्या ठिकाणी गाडीत बसला एवढं तो प्रामाणिकपणे सांगत असतो. बुटीबोरीत तर त्याला फार चालावंच लागणार नाही, कुठूनही निघाला तरी थोड्या वेळात राष्ट्रीय महामार्ग 44 लागतो. त्याच्या एका टोकाला श्रीनगर, दुसऱ्या टोकाला कन्याकुमारी. घुटमळेल नाहीतर काय करेल?

डिसेंबर महिना आणखी वेगळा. 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर कराराची आठवण म्हणून सरकार दर हिवाळ्यात अधिवेशनाला नागपुरात येतं, आणि त्याच्या राखणीला जिल्ह्याजिल्ह्यांतून पोलीस येतात. त्या दिवसांत नागपूरच्या विधानभवनाजवळ उभं राहिलं की एवढ्या खाकीत आपण किती सुरक्षित आहोत असं वाटून ऊर भरून येतो. तसं वाटून घ्यायचं असेल तर मात्र घराला कुलूप लावून तीस किलोमीटर जावं लागतं.

पोलिसांवर मी रागावलोय असं समजू नका. एक ठाणं, त्याला मोजके शिपाई, मोहरमपासून मारबतीपर्यंतचे बंदोबस्त, महामार्गावरचे अपघात, त्यात पुन्हा कुणीतरी डिजिटल अरेस्ट होऊन रडत आलेला. ते दारोदार कुठून उभे राहणार? म्हणून ते काम त्यांनी कागदावर लिहून आपल्याकडे पाठवलं. आणि हे काम नवीन नाही, हे लक्षात आलं तेव्हा मला कागदाचा खरा अर्थ कळला.

गावाच्या नावातली बुटी म्हणजे नागपूरचं मालगुजार घराणं. त्याच घराण्यातल्या गोपाळराव बुटींनी शिर्डीत बांधलेल्या वाड्यात 1918 मध्ये साईबाबांची समाधी झाली. मध्य प्रांतात मालगुजारी होती तेव्हा गावोगावी एक कोतवाल असे. गावात कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या घरी जन्म झाला, कोण मेलं, कुठे परका माणूस उतरला, याची खबर ठाण्यात पोचवणं त्याचं काम. रात्री जागणंही त्याचंच. बदल्यात त्याला जमिनीचा तुकडा मिळे, नाहीतर शेतकऱ्यांकडून धान्य. 1951 मध्ये मालगुजारी गेली. कोतवाल तलाठ्याच्या दप्तरामागे गेला, आता त्याला महसूल सेवक म्हणतात. त्याचं जागण्याचं काम तेवढं रिकामं पडलं होतं. ते आता कागदाने माझ्याकडे आलं आहे. जमिनीच्या तुकड्याबद्दल सूचना एक ते सहा आणि दहा ते बारा यांत काही नाही.

तर या नव्या कोतवालाने पहिलं कर्तव्य काय केलं? किरायदारांचे फॉर्म भरले. फोटो, आधार, मूळ गाव, कंपनी, ओळखणाऱ्या दोन व्यक्ती. खोली नंबर तीनमध्ये बालाघाटकडचा एक पोट्टा राहतो, धाग्याच्या खात्यात हेल्पर आहे. त्याच्या फॉर्मवर मी जरा जास्तच बारकाईने नजर फिरवली. 'ओळखणाऱ्या दोन व्यक्ती'मध्ये त्याने पानठेलेवाला आणि काकू अशी नावं सांगितली. मी म्हणालो, जबाबदार माणसांची नावं सांग. घरमालक म्हणून माझाही असा फॉर्म असता तर मी कुणाची नावं लिहिली असती, हा विचार तेव्हा आला नाही. असा फॉर्म नसतोच म्हणा.

मे महिन्यात हिंगणघाटला लग्न निघालं. सूचना काढून एकेक टिक केली. पेपर बंद, दूध बंद, व्हरांड्यातला दिवा सुरू, डाळ कोठीच्या तळाशी. निघताना काकूंना गाठलं. "काकू, चार दिवस घराकडे लक्ष असू द्या."

"अवं पण मी तं वरोऱ्याले चालली लेकीकडे," काकू म्हणाल्या. "मी तुमालेच सांगाले येत होती."

दोघांनी एकमेकांच्या घराकडे लक्ष ठेवण्याचं कबूल केलं आणि वेगवेगळ्या एसटीत बसलो.

चौथ्या दिवशी रात्री परत आलो. दोन घरांच्या मधल्या बोळीत खाट टाकलेली. खाटेवर खोली नंबर तीन, पायाशी काठी आणि पाण्याची बाटली. काकूंनी जाता जाता त्यालाही सांगून ठेवलं होतं. तो ताडकन उठला आणि उभ्या उभ्या हिशेब दिला. मीटरवाला येऊन गेला. मंगळवारी दोघं जण गाडीवरून दोन चकरा मारून गेले, नंबर लिहून ठेवलाय. काकूंची मांजर व्याली, तीन पिल्लं. परवा रात्री कूलरचा आवाज बदलला म्हणून पाहिलं तर पाणी संपलं होतं, मोटर जळू नये म्हणून बंद केला.

कूलर मी चालू ठेवून गेलो होतो, घरात माणूस आहे असं वाटावं म्हणून. ते काही बोललो नाही. त्याला हाक मारून आत बोलवावं, चहा द्यावा असं वाटलं. फॉर्म मी स्वतः भरला होता, तीन ठिकाणी त्याचं नाव माझ्या अक्षरात आहे, पण तोंडातून आलं ते, "अरे तीन नंबर, ये बस."

तो बसला नाही. उंबऱ्यातच घुटमळला.

"काकाजी, या नाईटचे दोन खाडे झाले," तो म्हणाला. "पगार कापून येईन. किराया दहा तारखेला दिला तं चालते काय?"

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम पानठेल्यावर गेलो आणि कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. अशा वेळी घरमालकाने काय करावं याबद्दल काहीच सापडलं नाही. खिशातल्या रुमालाने सात ते नऊ पुसून पाहिल्या. ठेलेवाला म्हणाला, "काकाजी, फाटन तो."