फर्दापूरचा काळोख

छायाचित्रकाराशी लग्न झालेल्या स्त्रीच्या फोटोंनी घर भरलेले असते, असा जो एक सार्वत्रिक गैरसमज आहे, त्याच्या निरसनार्थ मी आमच्या घरचा आल्बम कोणासही दाखविण्यास तयार आहे. सातारा जिल्ह्यातील यच्चयावत वधूवरांना रंगविलेल्या ताजमहालापुढे उभे करून त्यांच्या हनुवट्या उचलण्यात ज्याची उमेदीची बावीस वर्षे गेली, त्या माझ्या घरात सौभाग्यवतीच्या वाट्याला जे काम आले ते फोकसाचे होते. देऊळ असो, तलाव असो की कलेक्टरसाहेबांच्या निरोपसमारंभाची रिकामी खुर्ची असो, "अगं, जरा तिथे उभी राहा पाहू," असे म्हणून मी तिच्या कुंकवावर भिंग स्पष्ट करून घ्यायचो, आणि ते मनाजोगे झाले म्हणजे "आता सरक" असे म्हणून ती सरकल्यावर कळ दाबायचो. त्यामुळे माझ्या प्रत्येक चांगल्या चित्राच्या आदल्या क्षणी ती तिथे होती, हे मला ठाऊक आहे; चित्राला ठाऊक नाही.

तिचे दुसरे काम मोजणीचे. काळोख्या जागी भिंग दहावीस सेकंद उघडे ठेवावे लागते, आणि मनातल्या मनात आकडे मोजू लागलो की मला हटकून स्टुडिओचे थकलेले भाडे आठवते व आकडे भरकटतात. म्हणून ती मनाचे श्लोक म्हणते. सज्जनगडाच्या पायथ्याचे माहेर असल्यामुळे दोनशे पाचही श्लोक तिला मुखोद्गत आहेत, आणि तिच्या चालीत एक श्लोक दहा सेकंदांत, घड्याळालाही लाजवील इतक्या नियमाने, संपतो. माझ्या धंद्याच्या वहीत 'छिद्र आठ, श्लोक अडीच' अशा ज्या नोंदी आढळतात, त्या वाचून एका नवशिक्या मदतनिसाने मी मांत्रिक असल्याची समजूत करून घेतली आणि महिनाअखेर काम सोडले.

सन १९६३ च्या मे महिन्यात एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी अजिंठ्याची चित्रे मागितली, आणि "कुठेतरी नेईन" हे लग्नातले वचन एकविसाव्या वर्षी, परक्याच्या खर्चाने, पुरे करण्याची संधी मला लाभली. अडचण फिल्मची होती. उटकमंडचा सरकारी कारखाना नुकताच कागदोपत्री जन्मला होता, त्याची फिल्म दुकानात दिसायला अजून काही वर्षे जायची होती. परदेशी फिल्म ही त्या काळी केशरासारखी पुडीतून आणि ओळखीने मिळायची. नाना खटपटींनंतर मला छत्तीस चित्रांचे एकच रीळ मिळाले. ते मी पंचप्राणांप्रमाणे जपत पुणे, दौंड, मनमाड, जळगाव असा रखडत, आणि जळगावाहून एस.टी.च्या मागच्या चाकावरच्या आसनावर उसळत फर्दापुरास पोहोचविले.

लेण्यांचे वर्णन मी करणार नाही. ते करणाऱ्यांची वाण नाही. वाघूर नदीने घोड्याच्या नालासारखे वळण घेतले आहे, त्या कड्यात तीस लेणी आहेत, त्यांतली काही सातवाहनकाळाची आणि पुष्कळशी वाकाटकांच्या अमदानीतली, इतके पुरे. दहाव्या लेण्यात १८१९ साली शिकारीच्या निमित्ताने आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या मद्रास फौजेतल्या साहेबाने खांबावर आपले नाव व तारीख कोरून ठेवली आहे. प्रेक्षणीय स्थळी स्वतःचे नाव कोरणाऱ्या आपल्या तरुण पिढीने हा आद्य गुरू अवश्य पाहावा. मी मात्र सकाळी आठपासून दुपारी दोनपर्यंत तिपाई खांद्यावर घेऊन एका काळोखातून दुसऱ्या काळोखात शिरत होतो. सौभाग्यवती पुढे होऊन खांबाशी बॅटरी धरीत होती, मी त्या उजेडावर फोकस घेत होतो, ती सरकत होती, आणि बुद्धाच्या साक्षीने रामदास म्हणत होती. सव्विसाव्या लेण्यात महापरिनिर्वाणाची जी सुमारे सात मीटर लांबीची मूर्ती पहुडली आहे, तिच्यासमोर साडेतीन श्लोक झाले.

छत्तिसावे चित्र घेऊन मी विजयी मुद्रेने फिल्म उलटी गुंडाळू लागलो, तो खुंटी हलेना. तेव्हा मला आठवले, आणि पायांखालचा बेसॉल्ट सरकला, की दहाव्या चित्राच्या सुमारास कॅमेऱ्यात 'टर्र' असा एक बारीक आवाज झाला होता, ज्याचा दोष मी मनातल्या मनात वटवाघळांना दिला होता. फिल्मच्या कडेची भोके फाटली होती. कॅमेऱ्यातले दाते त्या फाटक्या कडेवर नुसतेच फिरत राहिले, आकडा पुढे जात राहिला, आणि दहापासून छत्तीसपर्यंतची सत्तावीस चित्रे एकाच चौकोनावर, मुंबईच्या लोकलमधल्या उतारूंप्रमाणे, एकमेकांच्या अंगावर चढली. उरली पहिली नऊ. ती वाचवायची तर कॅमेरा संपूर्ण अंधारात उघडून फिल्म हाताने सोडवणे प्राप्त होते.

ज्या डोंगरात शतकानुशतके काळोख कोंडलेला आहे, तिथे मला हातभर खरा अंधार मिळू नये, ह्याला काय म्हणावे! प्रत्येक लेण्याला दार आहे, दाराला ऊन आहे, आणि उन्हात पहारेकरी उभा आहे. शेवटी फर्दापुरास परत येऊन एका चहाच्या हॉटेलाच्या मागल्या पडवीत, मालकाच्या बाजेवर, त्याचीच काळी घोंगडी डोक्यावरून घेऊन मी आडवा झालो. फिल्म ठेवायला सौभाग्यवतीने मेतकुटाचा फिरकीचा पितळी डबा रिकामा करून दिला आणि स्वतः घोंगडीच्या कडा दाबीत उशाशी बसली. वैशाखातली दुपारची चारची वेळ होती.

आत गेल्यावर प्रथम लक्षात आले ते हे, की घोंगडीला भोके होती. बाहेरून जी घोंगडी अमावास्येसारखी दिसत होती, तिच्यात आतून सबंध नक्षत्रमंडळ उगवले होते. "अगं, उजेड येतोय," असे मी आतून ओरडलो, आणि तो कण्हण्याचा आवाज ऐकून पडवीत पहिला माणूस आला.

"काय झालं वं माय पाव्हण्याला?"

सौभाग्यवतीला खोटे बोलणे जमत नाही. "काही नाही हो," ती म्हणाली, "ते फिल्म काढतायत."

हा शब्द तिने उच्चारावयास नको होता. फिल्म म्हणजे सिनेमा, हा अर्थ फर्दापुरासही पोहोचलेला होता. घोंगडीखाली सिनेमा निघत असल्याची वार्ता पाच मिनिटांत वेशीपर्यंत गेली, पोरे बाजेखाली शिरून नटी शोधू लागली, आणि एकाने तर घोंगडीचा कोपरा उचलून "मला बी घ्या" अशी विनंती केली. तेव्हा तिने युगांतरकारी निर्णय घेतला. "चेष्टा केली हो," ती म्हणाली, "हीव भरलंय त्यांना."

तत्क्षणी सिनेमा संपला आणि करुणा सुरू झाली. आपल्या खेड्यातला माणूस मुळात दयाळू. त्याला फक्त कारण पुरवावे लागते. कोणा म्हातारीने घरून गोधडी आणून माझ्यावर पसरली. आतली निम्मी नक्षत्रे मावळली. हे मी कळवताच सौभाग्यवतीने बाहेर विचारले, "आणखी एखादी मिळेल का?" दुसरी गोधडी आली, तिसरी आली, हॉटेलमालकाने साखरेचे रिकामे पोते आणले, आणि सरतेशेवटी कोणी तरी बैलाची झूल आणून वर घातली. झूल पडताच निर्भेळ, शास्त्रशुद्ध, स्टुडिओतही कधी न मिळालेला काळोख झाला. केवळ त्यात श्वास घेता येत नव्हता. लोकर, धूर, जुने तूप आणि बैल ह्या चार द्रव्यांचा तो काढा पीत, घामाच्या धारा कॅमेऱ्यावर पडू नयेत म्हणून मान उलटी वळवून, मी मागचे झाकण उघडले आणि फाटक्या कडा बोटांनी चाचपत फिल्म गुंडाळू लागलो.

एवढ्यात सायकलची घंटा वाजली. त्या काळी मलेरियाच्या उच्चाटनाची देशव्यापी मोहीम चालू होती. घरोघर फिरून तापकऱ्यांची बातमी काढणे, काचेवर रक्ताचा थेंब घेणे, गोळ्या देणे, आणि हे सारे दप्तरी नोंदविणे हे ज्याचे नेमून दिलेले काम, तो खाकी वेषातला कार्यकर्ता गर्दी पाहून आपसूक उतरला. इतका मूर्तिमंत हिवताप त्याने उभ्या नोकरीत पाहिला नसावा.

"नाव सांगा रुग्णाचं," तो म्हणाला.

आता आमच्या घरातली रीत अशी की, ती उखाण्यावाचून माझे नाव घेत नाही. तिने उखाण्याला आरंभ केला. बायका हसू लागल्या. कार्यकर्त्याला तपशील हवा होता, यमक नको होते. नाइलाजाने मीच झुलेखालून माझे नाव, मुक्काम, पोस्ट, तालुका खणखणीत आवाजात सांगितले.

"धंदा?"

"फोटोग्राफर!"

"कामावर कधीपासून नाही गेलात?"

"कामावरच आहे!" मी ओरडलो.

"बरळायला लागलं," म्हातारी हळहळली.

"बोट बाहेर काढा. रक्त घ्यायचंय."

माझी दहाही बोटे त्या क्षणी नऊ लेण्यांचा भार वाहत होती. "आत्ता देता येत नाही," असे मी सांगितले. त्यावर त्याने, तान्ह्या मुलांचे रक्त पायातूनही घेतात, अशी माहिती जमलेल्या मंडळींस दिली, आणि ती पुरती माझ्या ध्यानात येण्यापूर्वीच माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्यात सुई खुपसली. मी जो पाय झाडला, तो झूल, पोते आणि एक गोधडी पडवीच्या खांबापर्यंत गेली. पायाकडच्या बाजूने फर्दापूरचे ऊन आत आले. सौभाग्यवती त्या उजेडावर अक्षरशः झेपावली, मी अंदाजाने फिल्म डब्यात कोंबून फिरकी आवळली, आणि मग जो बाहेर आलो तो घामाने निथळत. ते पाहून "घाम आला, ताप उतरला" असा सर्वांनी जयजयकार केला. कार्यकर्त्याने दिलेल्या कडू गोळ्या त्याच्या समक्ष गिळल्याखेरीज सुटका नव्हती. त्या मी गिळल्या. रक्ताचा निकाल कळवावा म्हणून सौभाग्यवतीने त्याला आमचा पत्ता घातलेले कोरे कार्ड दिले. असली कार्डे ती प्रवासात नेहमी बाळगते. मी कुठे हरवेन ह्याचा नेम नसतो.

दुसऱ्या दिवशी घाट चढून अजिंठा गावाकडे जाताना मी जो अबोला धरला होता, तो तिला शेवटी असह्य झाला.

"एका डोक्याची चार हरणं पाहिलीत का हो?"

"कुठली हरणं?"

"पहिल्या लेण्यात, खांबाच्या माथ्यावर. चार धडं, डोकं एकच, आणि कुठल्याही धडाकडून बघा, ते त्याचंच वाटतं. त्याच खांबाशी मला बॅटरी धरून उभं केलं होतंत." थोडे थांबून ती म्हणाली, "आणि तो कमळवाला, त्याची मान कशी झुकलीय! एवढा मुकुट डोक्यावर आणि तोंडावर कणभर राजेपण नाही. छिद्र किती होतं ते सांगा आता."

छिद्र मला आठवत होते, हे अधिक लाजिरवाणे.

अजिंठा गावात पारोची कबर आहे. रॉबर्ट गिल नावाचा लष्करी चित्रकार कंपनी सरकारच्या हुकुमावरून १८४४ च्या सुमारास इथे आला आणि लेण्यांतल्या चित्रांच्या प्रती करण्यात त्याची जवळजवळ वीस वर्षे गेली. त्या प्रतींपैकी बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ च्या आगीत जळाल्या. पुढे मुंबईच्या कलाशाळेच्या ग्रिफिथ्ससाहेबाने पुन्हा तोच उद्योग केला, आणि त्याच्याही पुष्कळ प्रती १८८५ साली लंडनातच जळाल्या. गिलने कॅमेराही हाती घेतला होता. त्याच्या फोटोंचे पुस्तक १८६४ साली निघाले, म्हणजे धंद्याच्या नात्याने तो माझा खापरपणजोबा. पारो ही इथली बाई, त्याची सोबतीण. ती १८५६ च्या मे महिन्यात वारली आणि त्याने तिच्या कबरीवर तिच्या नावाचा लेख बसविला. त्याला स्वतःला मात्र पुढे भुसावळास पुरले.

हे सारे मी सांगत असता ती पदराने त्या दगडावरची धूळ झाडत होती. मे महिना आमचाही चालू होता. मी कॅमेरा काढला, "तिथेच उभी राहा" म्हणालो, तिच्या कुंकवावर फोकस घेतला, आणि सवयीने ती बाजूला सरकू लागली.

"सरकू नकोस."

"आत फिल्म नाही ना?"

"नाही."

तिने पदर सारखा केला आणि उभी राहिली. मी कळ दाबून धरली. श्लोक म्हणणारीच समोर उभी असल्यामुळे ती केव्हा सोडायची हे मला कळेना.

साताऱ्यास आल्यावर फिल्म धुतली. दाराबाहेर ती श्लोक मोजीत होती, आत मी डबा हलवीत होतो. टोकापासून टोकापर्यंत फिल्म काळीकुट्ट निघाली. मधेमधे जे पांढरे ठिपके होते त्यांत मला क्षणभर बुद्धाचे दर्शन घडले, पण ते मेतकूट होते. संपादकांना मी पत्र लिहिले आणि आगाऊ घेतलेली रक्कम हप्त्याने परत केली.

तीन आठवड्यांनी आमच्याच पत्त्याचे ते कार्ड आले. त्यावर निळ्या शाईत माझे नाव, स्लाइडचा क्रमांक, आणि पुढे एकच शब्द होता: निगेटिव्ह. त्या सबंध सफरीतून हाती आलेली ती एकमेव स्वच्छ निगेटिव्ह. सौभाग्यवतीने ती आल्बममध्ये चार काळे कोपरे लावून बसविली आणि खाली आपल्या हस्ताक्षरात लिहिले, 'अजिंठा, मे १९६३.'