नंबरकाका

जुन्या गाडीचं बॉनेट उघडलं की आधी माशा जमतात, मग सल्लागार. त्या घोळक्यात एक माणूस इंजिनाचा आवाज ऐकत नसतो, धूर बघत नसतो, ब्लॉकच्या कुशीत तोंड खुपसून काहीतरी वाचत असतो. ते नंबरकाका. बँकेतून निवृत्त, मुक्काम पुणे. घरात एकच गाडी, मारुती, आणि तीही काकू चालवतात. पण एमजी, ट्रायम्फ, ऑस्टिन-हीली असल्या दोन सीटच्या जुन्या विलायती स्पोर्ट्स गाड्यांच्या इंजिनांवर कुठल्या साली कुठली अक्षरं ठोकली, हे काकांना झोपेतून उठवून विचारावं. काही जणांनी विचारलंयही. त्यांची झोप गेली.

काकांचं सामान खिशात मावतं. दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला दांड्याचा आरसा, झिजलेला टूथब्रश, छोटा टॉर्च, बाटलीत चार घोट रॉकेल (हल्ली कुणाला मिळत नाही, त्यांना मिळतं) आणि टाल्कम पावडरची डबी. ब्रश रॉकेलमध्ये बुडवून ब्लॉकवरची काजळी सोडवायची, फडक्याने पुसायचं, मग पावडर चोळायची. खाचांत पांढरं बसतं आणि आकडे वर येतात. त्यावर कागद धरून पेन्सिल घासायची. पासिंगला चेसिस नंबरची घेतात तशी छाप. हे सगळं होईपर्यंत मालकाने बोलायचं नाही.

"काका, सकाळपासून मिसिंग मारतेय."

"नंबर काय?"

"बहुतेक तीन नंबरच्या सिलिंडरला करंट—"

"तो येईल हो. इंजिनाचा नंबर काय?"

नवख्या माणसाला वाटतं, म्हातारा विक्षिप्त आहे. आहेच. पण नुसता विक्षिप्त असता तर त्याला कुणी बोलावलं नसतं. आता एमजीबीचंच बघा. १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं ही गाडी ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनला बनत होती आणि इंजिन शेवटपर्यंत तेच, १७९८ सीसीचं. बाहेरून सगळी सारखी. सुरुवातीच्या इंजिनांत क्रँकला तीन मेन बेअरिंगं होती, ऑक्टोबर १९६४ पासून पाच झाली. हे कळायला एकतर इंजिन खोलावं लागतं, नाहीतर डिस्ट्रिब्युटरच्या बाजूला ब्लॉकवर रिव्हेट मारलेली छोटीशी पट्टी वाचावी लागते. १८जी किंवा १८जीए असेल तर तीन, १८जीबी असेल तर पाच. एक गृहस्थ आपली गाडी ६३ सालची म्हणून मिरवत होते. काकांनी पट्टी वाचली, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "इंजिन जन्मलं ६४ च्या ऑक्टोबरनंतर. तोवर तुमची गाडी कशावर चालत होती?"

दुसऱ्या एकाची एमजीबी मागच्या बाजूने ऑइल गाळत होती. दोन मिस्त्री झाले, दोन बिलं झाली, गळती जागच्या जागी. काकांनी १८जीए वाचलं आणि उठलेच. "गळणारच. तिथे सील नाहीये. क्रँकवर आटे आहेत, फिरताना ऑइल आत ओढणारे. गाडी उभी केलीत की आटे काय ओढणार? पुढच्या इंजिनाला सील आलं. तुम्ही खाली ट्रे ठेवा." पुण्यात फी न घेता इतकं स्पष्ट सांगणारा माणूस आणखी कुठल्या धंद्यात आहे, मला माहीत नाही.

आणखी एकाची गाडी कात्रजच्या चढावर टकटक करायची. मिस्त्री बिग एंड बेअरिंगं काढायच्या तयारीत. काकांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ब्लॉकवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. टॅपेट टिकटिकतात, बिग एंड ठोके देतो, मेन बेअरिंग खालून घरघरतं. यातलं काहीच नव्हतं. मग पट्टीवरच्या अक्षरांत एच दिसला, म्हणजे हाय कॉम्प्रेशन, ८.८ ला १. टायमिंग जरा मागे घेतलं, टकटक थांबली. मालकाला काकांच्या पाया पडावंसं वाटलं, पण काका छाप वहीत चिकटवण्यात गुंतले होते.

निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, पांढरा थांबतच नसेल आणि ऑइलच्या झाकणाला आतून पांढरट साय धरली असेल तर हेड गॅसकेट. हे कुणीही सांगतो. काकाही सांगतात, पण तोंड वेंगाडून, पाहुण्याला स्वच्छतागृह दाखवावं तसं.

त्यांचं खरं दुःख वेगळं आहे. त्यांना हवी असते जन्मापासूनची जोडी, म्हणजे कारखान्यातून ज्या चेसिसवर जे इंजिन बसलं तेच आजही तिथे. आणि नेमकं हेच आपल्याकडे परवडणारं नव्हतं. आयात जवळजवळ बंद. वकिलातीतल्या कुणा साहेबाने आणलेली एखादी गाडी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकली जायची. पुढे तिचं इंजिन बसलं तर सुटे भाग कुठून आणणार? मग लोकांनी ॲम्बॅसॅडरकडे बघितलं. बघावंच असं नातं होतं. १९५५ ची पहिली एमजीए आणि आपली ॲम्बॅसॅडर, दोघींची इंजिनं बीएमसीच्या बी-सिरीजमधली, दोन्ही १४८९ सीसी. एकीला दोन कार्बोरेटर, दुसरीला एक. बाकी बहिणीच.

एका रविवारी अशीच एक लाल एमजीए उभी होती, शेजारी मालक आणि मालकाच्या शेजारी गिऱ्हाईक. व्यवहार बराच पुढे गेलेला. काका वाकले, आरसा आत गेला. "पट्टी ५६ ची," ते म्हणाले, "रिव्हेट गेल्या दिवाळीचे." मालकाचा चेहरा गाडीच्या रंगाला जाऊन मिळाला. स्टुलावर चहा पीत बसलेल्या फिटरने मात्र निवांत खुलासा केला, "टॅक्सीचं आहे काका. म्हणून तर अर्ध्या सेल्फला सुरू होते." गिऱ्हाईक हसलं. काका हसले नाहीत. त्यांनी छाप घेतली आणि तिच्यापुढे लाल पेनाने फुली मारली.

२०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांच्या व्हिंटेज नोंदणीचे नियम काढले. गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. तेव्हापासून काकांना लोक घरी गाडी पाठवून नेतात, पोहे खिलवतात. एकदा एका आरसी बुकात इंजिनाचा नंबर १८६ ने सुरू होत होता. असलं इंजिन ॲबिंग्डनहून कधी निघालंच नव्हतं. काकांनी आठवडाभर वह्या उपसल्या. निर्यातीसाठी म्हणून वेगळी मालिका काढली असावी, अशी एक उपपत्तीही मांडली. शेवटी काकूंनी बुक हातात घेतलं आणि म्हणाल्या, "अहो, कारकुनाने इंग्रजी जीचा सहा केलाय." त्या उपपत्तीचा विषय काकांसमोर आता कुणी काढत नाही.

मागे एक एमजीबी मैदानात मधोमध बंद पडली. सेल्फ फिरतोय, गाडी उठत नाही. काकांनी टूथब्रश काढला. १८जीबी निघालं, गर्दी जमली आणि काका तीन बेअरिंगांवरून पाचांवर आले. तोच फिटर मागे उजव्या चाकाशी आडवा झाला. चावी लावल्यावर पेट्रोल पंप टिकटिकायला हवा, तो गप्प होता. त्याने पंपाला पान्याची एक टिचकी मारली. अडकलेले पॉइंट सुटले, टिकटिक सुरू झाली, पुढच्या सेल्फला गाडीने हुंकार दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मालक घाईघाईने आत बसले, गिअर टाकला, पण गाडी हलेना, कारण सगळे "थांबा, थांबा" ओरडत होते. मागच्या चाकाशी काकांचे पाय बाहेर दिसत होते. आतून टॉर्चचा उजेड आला आणि आवाज आला, "इंजिन बंद करा हो जरा. पंपावरचा नंबर हलतोय."