नाग नदीला वळण लावणाऱ्या साहेबांस

श्री. रा. रा. नियोजनकर्ते साहेब यांस,
सा. न. वि. वि.

आपले नाव आम्हाला ठाऊक नाही. नाग नदीची फाइल कधी एका टेबलावर थांबलीच नाही. महापालिका, सुधार प्रन्यास, मेट्रो, जलसंपदा, बांधकाम, ज्या कार्यालयात जावे तिथे आपण थोडे थोडे भेटता आणि पूर्ण कुठेच भेटत नाही. म्हणून ज्यांनी ज्यांनी या नदीच्या नकाशावर पेन्सिल चालवली, त्या सर्वांना मिळून हे एकच पत्र. आपल्या उपकारांची फेड आमच्याने होणार नाही. निदान पोच तरी द्यावी, म्हणून हा प्रपंच.

पहिले आभार २२ सप्टेंबर २०२३ च्या रात्रीचे. त्या दिवशी घरोघरी महालक्ष्म्यांचे पूजन होते. सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळ्या, उशिरापर्यंत पंगती. भांडी आवरून माणसे जरा आडवी झाली आणि मध्यरात्रीनंतर पाऊस सुरू झाला. पहाटे अंबाझरी तलाव भरभरून वाहू लागला. अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउट, शंकरनगर, सीताबर्डी, मोरभवनचे बसस्थानक, सगळीकडे पाणीच पाणी. पाणी पुढच्या फाटकातून येईल म्हणून लोक तिकडे पोती लावत होते. ते आले मागच्या मोरीतून, संडासाच्या भांड्यातून आणि कंपाउंडच्या भिंतीखालून. आधी महालक्ष्म्यांच्या साड्यांच्या निऱ्या भिजल्या, मग मुखवट्यांखालच्या कोठ्या आडव्या झाल्या. ज्येष्ठा-कनिष्ठांचे मुखवटे छातीशी धरून माणसे जिन्यावर जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी विसर्जन होतेच. आपण ते घरपोच करून दिलेत.

शंकरनगरच्या बाजूला मूकबधिर मुलांच्या शाळेतून मुलांना बाहेर काढावे लागले. लष्कराचे जवान बोलवावे लागले. चार माणसे गेली, त्यांत अंथरुणाला खिळलेली वृद्ध माणसे होती. इथे मला आपले आभार मानता येत नाहीत, साहेब. क्षमा असावी.

नंतर आपण ‘ढगफुटीसदृश’ हा शब्द दिलात, त्याबद्दल मात्र मनापासून ऋणी आहोत. केवढा आधार आहे त्या शब्दात! ढगाला नोटीस बजावता येत नाही आणि त्याची विभागीय चौकशीही लागत नाही. त्या पहाटे चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, हे खरे. पण ६ जुलै २०१८ ला याच नागपुरात सहा तासांत अडीचशे मिलिमीटरहून जास्त पडला होता. तेव्हा पावसाळी अधिवेशन इथेच चालू होते. पाणी विधानभवनाच्या वीजघरात शिरले, दिवे गेले आणि कामकाज बंद ठेवावे लागले. राज्याच्या विधिमंडळाला अंधारात बसवून पावसाने सूचना दिली होती. याहून वरच्या पातळीवर निवेदन द्यायला पाऊस कुठे जाणार होता?

हिशेब आपल्याला शिकवावा एवढी आमची योग्यता नाही. तरी नदीकाठच्या माणसाने कागदावर मांडलेला हिशेब एकदा नजरेखालून घालावा. एका चौरस किलोमीटरवर शंभर मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा कोटी लिटर पाणी. जमीन उघडी असेल तर त्यातले बरेच मुरते, काही खड्ड्यांत, तळ्यांत, शेतात रेंगाळते. त्याच जमिनीवर गच्च्या, पार्किंग, पेव्हर ब्लॉक आणि सिमेंटचे रस्ते आले की जवळजवळ सगळे नाल्याकडे धावते. चार तासांत निघायचे तर दर सेकंदाला सात हजार लिटर. म्हणजे दीड सेकंदाला एक दहा हजारी टँकर, आणि तोही एकाच चौरस किलोमीटरमधून. नाग नदी तर वाडीकडच्या लाव्हाच्या टेकड्यांपासून पाणी गोळा करत येते. तिचे पात्र किती रुंद असावे, हे त्या टँकरांनाच विचारून ठरवायला हवे होते. आपण ते शेजारच्या प्लॉटधारकाला विचारलेत.

अंबाझरीचे धरण साधारण १८७० चे. तेव्हा शहराला पाणी द्यायला बांधलेल्या या तलावाला सांडवा ठेवला होता आणि सांडव्याच्या पुढे मोकळी जागा. बांधणाऱ्यांना एवढे कळत होते, की तलाव भरला की पाणी बाहेर येणार आणि बाहेर आले की त्याला जायला वाट हवी. सांडव्याला दरवाजे नव्हते. त्यामुळे पाणी ‘सोडले’ कोणी, हा त्या सकाळचा गल्लोगल्लीचा प्रश्नच गैरलागू होता. कोणी सोडले नाही. ते भरले आणि आले.

त्याच्या वाटेवर आपण काय काय सजवून ठेवलेत! ‘ओव्हरफ्लो पॉइंट’ म्हणून जिथे अख्खे नागपूर पावसाळ्यात भजी खायला जाते, तिथे ऐन सांडव्यासमोर स्वामी विवेकानंदांचे स्मारक. स्वामीजींबद्दल आम्हाला अतीव आदर आहे, म्हणूनच त्यांना पुराच्या तोंडाशी उभे करणे आम्हाला सुचले नसते. थोडे खाली क्रेझी कॅसल या वॉटर पार्कच्या आवारात नदीचे पात्र आवळलेले. आणखी खाली स्केटिंग रिंकजवळ नदीच्या डोक्यावर गाड्या लावायला स्लॅब. पुरानंतर यातले पात्र रुंद करावे लागले, स्लॅब फोडावा लागला. बांधताना खर्च, पाडताना खर्च. मधल्या काळात आमच्या घरात जो चिखल झाला, त्याचा पंचनामा झाला आणि दहा हजार रुपये मिळाले. सोफा, फ्रिज, गादी, मुलांची पुस्तके आणि देवघर धरून. आपल्या औदार्याला तोड नाही.

आता आपल्या लाडक्या भिंतीकडे येतो. नदी म्हटली की आपल्या हातून आपोआप संरक्षक भिंतच काढली जाते. काठ ढासळला, भिंत. भिंत पडली, तिच्या जागी आणखी उंच भिंत. पुरानंतर मी कॉलनीच्या मागच्या काठावर गेलो तेव्हा आपली कलाकृती जवळून पाहता आली. भिंतीचा मोठा तुकडा नदीत तोंडावर पडलेला, दगड अजून सिमेंटने एकमेकांना घट्ट चिकटलेले. बांधकाम मजबूत होते, यात शंका नाही. पण तिच्या पायाखाली पाहिले तर कोपरापर्यंत हात आत जाईल एवढी पोकळी. खालची माती निघून गेली होती आणि पाया हवेत लटकत होता. भिंतीमागचे पाणी निघायला जी भोके ठेवलेली असतात, त्यांतली बरीच गाळाने आणि प्लॅस्टिकने बुजलेली. समोर तळ खचत चाललेला, मागे ओल्या मातीचा रेटा. त्या भिंतीने पडण्याखेरीज करायचे तरी काय? तिच्यापाठोपाठ शेजाऱ्यांचे कंपाउंड, एक कडुलिंब आणि मागच्या अंगणातली न्हाणी गेली.

हे असे का होते, हे आपल्याच पुस्तकात लिहिलेले आहे. दोन्ही बाजूंनी पात्र आवळले की तेवढेच पाणी कमी रुंदीतून जाते, म्हणजे उंच चढते आणि जोरात धावते. काठाची माती, गवत, झाडोरा काढून सिमेंट केले की पाण्याला अडवणारे काही उरत नाही. तेवढ्याच उताराला, तेवढ्याच खोलीला ते दुपटीहून अधिक वेगाने जाते. वेग दुप्पट झाला की पुढच्या उघड्या तळावरचा आणि काठावरचा रेटा साधारण चौपट होतो. मग ते तळ उकरते, भिंतीचे पाय मोकळे करते आणि जिथे भिंत संपते तिथला उघडा काठ पोखरते. आपण एका वस्तीचा काठ सावरता, तेव्हा खालच्या वस्तीचा काठ ढासळतो. मग त्या वस्तीचे निवेदन येते, तिलाही भिंत मंजूर होते आणि पाणी त्याहून खालच्या वस्तीकडे रवाना होते. आपण या शहराला भिंतींची अशी वंशावळ दिलीत, जिला अंत नाही.

आणि पूल! पंचशील चौकातला पूल त्या पुरात खचला आणि वर्धा रोडवर येणे-जाणे करणाऱ्या माणसाने कित्येक महिने वळसा घातला. ठेंगण्या पुलाखाली कचरा, फांद्या, गाद्या अडकतात, पूलच बंधारा होतो आणि पाणी मागे फुगते. पुलाची उंची वाहनांसाठी मोजली, पाण्यासाठी नाही.

सिमेंट रस्त्यांबद्दल वेगळे पत्र लिहायला हवे, तरी थोडक्यात. आपण जुन्या डांबरावर सिमेंटचा थर चढवलात आणि आमच्या घरांचे जोते रस्त्याच्या खाली गेले. वडिलांनी बांधलेल्या घराला तीन पायऱ्या चढून जावे लागे. आता फाटकातून खाली उतरावे लागते. नदीला पूर आला नाही तरी आमच्या अंगणात येतो, एवढी सोय झाली.

नालेसफाईची आपली निष्ठाही वाखाणण्यासारखी. दर उन्हाळ्यात पोकलेन उतरतात. नाग, पिली, पोरा तिन्ही नद्यांतला गाळ निघतो, फोटो छापून येतात. त्यातला काही गाळ काठावरच ढिगाने ठेवला जातो आणि पहिल्या पावसात तो आपल्या मूळ घरी परत जातो.

नाग नदीच्या प्रदूषणावरचा १९२७ कोटींचा प्रकल्प आम्हाला माहीत आहे आणि तो हवा आहे, हे गंभीरपणे सांगतो. या शहराचे सांडपाणी वाहून नेत ही नदी कन्हानला, कन्हान वैनगंगेला मिळते आणि आमची घाण गोसेखुर्दच्या जलाशयात जाऊन साचते. भंडाऱ्याच्या लोकांनी आमचे काय बिघडवले होते? पण साहेब, सांडपाण्याच्या नळ्या टाकून पूर ओसरत नाही. मैलापाणी शुद्ध करणे हे एक काम, पुराला जागा देणे हे दुसरे. दोन्हींना ‘नदी पुनरुज्जीवन’ असे एकच नाव दिले, की पहिल्याच्या सादरीकरणात दुसरे झाल्यासारखे वाटू लागते.

नेदरलँड्ससारखा देश, ज्याचा बराच भाग समुद्रसपाटीखाली आहे, शतकानुशतके बांध घालत आला. १९९३ आणि १९९५ साली तिथल्या नद्या फुगल्या, दुसऱ्या वेळी तर सुमारे अडीच लाख माणसांना घरे सोडावी लागली. त्यानंतर त्यांनी बांध आणखी चढवत बसण्याऐवजी तीसहून अधिक ठिकाणी नदीला जागा परत दिली. कुठे बांध मागे सरकवले, कुठे पूरमैदाने खोल केली, नायमेखेनजवळ वाल नदीला दुसरे पात्र काढून दिले. ही माणसे बांधकामात आपल्याहून कच्ची नव्हती. त्यांनी पाण्याचा हिशेब आधी केला आणि भिंतीचा नंतर.

आपल्याकडे तो हिशेब करायला नियम नाही असेही नाही. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी, दोन्हींच्या मध्ये निर्बंध. हे महाराष्ट्रात कागदावर आहे. मग निळ्या रेषेच्या आत मंजूर नकाशे कसे निघाले? लोकांनी अतिक्रमण केले असे आपण म्हणता. काहींनी केले, ते हटवावे. पण आम्ही लेआउट पाहून, शिक्का पाहून, कर भरून राहिलो. शिक्का कोणाचा होता?

पूरग्रस्त रहिवाशांना शेवटी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जावे लागले. ज्यांच्या घरातला गाळ अजून वाळला नव्हता, त्यांना याचिकेचे कागद वाळवत बसावे लागले. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्येच संपली होती. पुराच्या रात्री फोन करावा असा नगरसेवकसुद्धा नव्हता.

म्हणून आता, आपल्या पायाशी बसून, काही मागणे. पुढचा डीपीआर काढाल तेव्हा लाव्हापासून पवनगावपर्यंत नदीचा एकच नकाशा करा, पाच कार्यालयांचे पाच नकोत. भिंत बांधायची असेल तिथे बांधा, पण आधी तळ किती खचतो ते मोजा, पाया त्याच्या खाली न्या आणि भिंत पाण्यापासून मागे घ्या. जिथे मोकळी सरकारी जागा नदीकाठी अजून शिल्लक आहे, तिथे उद्यानाच्या नावाखाली फरशी घालू नका. ती खोल करून ठेवा, पुराच्या रात्री पाणी तिथे चार तास थांबेल. अंबाझरीची पातळी पावसाळ्यात रोज फलकावर लावा आणि धोक्याची पातळी आली की कॉलन्यांत भोंगा वाजवा. भोंग्याला निविदा फार मोठी लागत नाही.

आणि निळी रेषा रंगाने आमच्या घरांच्या भिंतींवर काढा. माझ्या बैठकीच्या खोलीतून गेली तरी चालेल. ती कुठे आहे हे एकदा कळले, तर घर विकत घेणारा, नकाशा मंजूर करणारा आणि नदीवर स्लॅब टाकणारा, तिघांनाही तिच्यासमोर उभे राहून सही करावी लागेल. रंगाचा खर्च आम्ही नदीकाठचे लोक वर्गणी काढून देऊ. कोणत्या कार्यालयात जमा करायचा, तेवढे लेखी कळवावे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
नाग नदीकाठचा एक करदाता,
नागपूर